सेलकॅल काही वाजेना

एचएफवर, म्हणजे विमानातल्या लांब पल्ल्याच्या रेडिओवर, खरखर असते, हे ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी सांगितलं होतं. एका कोडची चार अक्षरं इतका छळ करतील, हे कोणी बोललं नव्हतं.

वैमानिक म्हणून समुद्रावरची माझी पहिलीच लांब रात्र. किनारा मागे पडला, जवळच्या पल्ल्याचा रेडिओ, व्हीएचएफ, साधारण 200 सागरी मैलांवर संपला. एचएफवर पहिला संपर्क लगेच झाला. दोन फ्रिक्वेन्सी मिळाल्या, एक मुख्य, एक राखीव. मग सेलकॅल तपासणी. जमिनीवरचं रेडिओ स्टेशन आपल्या विमानाच्या कोडचे सूर पाठवतं, कॉकपिटमध्ये घंटी वाजते आणि हेडसेट काढून बसता येतं. घंटी नाही तर पुढचा सगळा वेळ ती खरखर कानात घेऊन ऐकत राहायचं.

मी कागदावरचा कोड वाचला, ऑपरेटरने तोच परत म्हटला. हेडसेटमध्ये सूर स्वच्छ आले: दोन सुरांची एक जोडी, क्षणभर शांतता, दुसरी जोडी. घंटी गप्प. पुन्हा विनंती, पुन्हा सूर, पुन्हा काही नाही. एचएफचा सेट 1 सोडून सेट 2 वर गेले. नव्या फ्रिक्वेन्सीवर पहिल्यांदा बटण दाबलं की ट्यूनिंगची शिट्टी येते. ती थांबायच्या आत मी बोलायला लागले, त्यामुळे ऑपरेटरला अर्धंच वाक्य गेलं. (ती थांबू द्या. बोलायच्या आधी थोडं ऐकाही, दुसरं विमान पोझिशन, म्हणजे आपण कुठे आहोत ते, देत असतं.) तिसऱ्या वेळी "स्टँडबाय" आलं आणि ऑपरेटर दुसऱ्या विमानांकडे वळला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी यंत्र बिघडल्याचं जाहीरही करून टाकलं.

कॅप्टन म्हणाले, "अगं, सूर ऐकू येतायत ना? मग रेडिओला का नावं ठेवतेस? कोड कुठून वाचलास?"

फ्लाइट प्लॅनमधून. त्यांनी पॅनेलवरच्या छोट्या पट्टीवर टॉर्च मारला. तिथली चार अक्षरं वेगळीच होती. निघायच्या आधी विमान बदललं होतं आणि प्लॅन करणाऱ्यांनी अठराव्या रकान्यात जुन्या विमानाचा कोड तसाच ठेवला होता. आम्ही पंचवीस मिनिटं दुसऱ्याच विमानाची घंटी वाजवायला सांगत होतो! पट्टीवरचा कोड दिला, आणि टिंग-टाँग. हेडसेट इतक्या आनंदाने मी कधी काढला नव्हता.

परत आल्यावर विचारलं, तर "विमान बदललं ना, राहून गेलं" एवढंच उत्तर. राहून गेलं! अर्थात पट्टी मीही बघितली नव्हती. आता बसल्याबसल्या आधी तीच वाचते.

पहाटे आवाज विरायला लागला तेव्हा मात्र मी घाबरले नाही. एचएफच्या लहरी वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनमंडलावरून परततात आणि सूर्य वर आला की ते बदलतं. रात्री खालची फ्रिक्वेन्सी चालते, दिवसा वरची. राखीव फ्रिक्वेन्सीवर गेले, पुन्हा सेलकॅल मागितला, पहिल्याच झटक्यात वाजला.

लेव्हल, म्हणजे उडायची उंची, बदलून हवी असेल तर लवकर मागा. एचएफवर समोरचा माणूस कंट्रोलर नसतो, तो निरोप पुढे देतो आणि उत्तर तुम्हाला वाचून दाखवतो, वेळ जातोच. आणि हो, जमिनीवर इंधन भरणं चालू असताना एचएफचं बटण अजिबात दाबायचं नाही.