सेखोंची गोष्ट पूर्ण सांगणारे सर

आमच्या साताऱ्यात फौज म्हणजे पायदळ. अपशिंग्यासारख्या गावात घरटी एक तरी माणूस सैन्यात, पण हवाई दलात गेलेलं आमच्या वर्गात कुणाच्याच घरी कुणी नव्हतं. त्यामुळं १४ डिसेंबरला प्रार्थना झाली की इतिहासाचे सर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखोंबद्दल बोलायचे आणि आम्ही पोरं अजिंक्यताऱ्यावरून येणाऱ्या गार वाऱ्यात हात काखेत घालून ऐकत उभी राहायचो.

परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले आजवरचे एकटेच, एवढं तर जीकेच्या पुस्तकातपण असतं. सर तिथं थांबायचे नाहीत. श्रीनगरला १९४८ पासूनच्या करारामुळं शांततेच्या काळात फायटर विमानं ठेवत नसत, म्हणजे १९७१ ला तिथं गेलेल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानांच्या पायलटांना ती उंची, ते डोंगर, तो हिवाळा सगळंच नवीन. १४ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी विमानांचा श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा पुढच्या नॅटनं उडताना एवढी धूळ उडवली की सेखोंना लगेच टेकऑफ घेता येईना, आणि रनवे दिसेपर्यंत डोक्यावर सहा सेबर, म्हणजे पाकिस्तानची लढाऊ विमानं. बॉम्ब पडतच होते. तरी ते उडाले आणि थेट पहिल्या जोडीच्या मागं लागले. एका सेबरला गोळ्या लागल्या, दुसरं पेटलं, असं परमवीर चक्राच्या मानपत्रातच आहे. शेवटी चार विरुद्ध एक, किती वेळ टिकणार.

मी पुढं हवाई दलात इंजिन फिटर झालो ते सरांच्यामुळंच, हे इथं लिहून ठेवायलाच पाहिजे. पालमच्या म्युझियममध्ये नॅट जवळनं बघितलं तेव्हा विश्वास बसेना, लांबीला आपल्या एसटीपेक्षा कमी, इंजिन एक, तोफा दोन. आणि सेखोंचे वडीलपण हवाई दलातच, वॉरंट ऑफिसर, म्हणजे पायलटसारखे अधिकारी नव्हे, आम्हा एअरमन लोकांतलेच की हो. हे कळल्यावर ते मला जास्तच जवळचे वाटायला लागले. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं त्यांच्या. विमानाचे अवशेष दरीत सापडले, सेखों मात्र सापडले नाहीत.

आता अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात परमवीर रामा राघोबा राणेंचा फोटो आहे, त्याच्या शेजारी सेखोंचा लावायला मुख्याध्यापकांनी जागा दिलीय. फ्रेम मी करून आणतोय, खाली मानपत्र मराठीत, आणि पोरांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.