हजार मीटरचा उतार आणि १६० मिलिमीटरचा रोटर

डोंगरातल्या राइडसाठी भाड्याची माउंटन बाइक घेणार असाल, तर "ब्रेक हायड्रॉलिक आहेत" (म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे) एवढ्यावर हो म्हणू नका. मला हेच सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. दोन्ही चाकांना १६० मिलिमीटरचे रोटर (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) आहेत, त्यांवर पॅड दाबणारे कॅलिपर दोन पिस्टनचे आहेत आणि रोटरवर बारीक अक्षरांत 'रेझिन पॅड ओन्ली', म्हणजे फक्त रेझिनचे पॅड चालतील, असं कोरलेलं आहे, हे मात्र सांगितलं नव्हतं. चढउताराच्या छोट्या वाटांवर अशी जोडी छान चालते. आमचे सुरुवातीचे दिवस तसेच गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते खिंडीपासून नदीपर्यंतच्या उताराबद्दल. सुमारे हजार मीटरची उतरण, सुटी खडी, एकाला लागून एक आखूड वळणं, आणि ब्रेक सोडून वेग घ्यावा असा सरळ तुकडा कुठेच नाही. आधी जळका वास आला, मग चिरका आवाज. त्यानंतर लिव्हर दगडासारखा घट्ट लागायचा, पण बाइक थांबायला तयार नाही. उताराच्या शेवटाकडे मागचा लिव्हर मऊ पडत पडत थेट ग्रिपला टेकला. बाइक रस्त्याकडेच्या मातीच्या चढावर घालून थांबवली.

ही दोन लक्षणं वेगळी आहेत आणि उतारावर ती ओळखता आली पाहिजेत. लिव्हर घट्ट पण पकड नाही, म्हणजे पॅड तापून निकामी झाले. लिव्हर मऊ होऊन आत जातोय, म्हणजे बहुधा कॅलिपरमधलं तेल किंवा त्यातलं पाणी उकळून वाफ झाली. पहिल्यात थांबून गार होऊ दिलं की पकड बरीचशी परत येते. दुसऱ्यात गार झाल्यावर लिव्हर परत घट्ट लागला तरी त्यावर विसंबू नका. ब्लीड करून (ब्रेकच्या नळीतली हवा काढून) तेल बदलेपर्यंत मोठा उतार घेऊ नका.

एवढी उष्णता येते कुठून, त्याचा हिशेब सोपा आहे. माणूस, बाइक आणि सामान मिळून १०० किलो धरा. हजार मीटर खाली येताना जवळपास दहा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात साध्या तापमानाचं तीन लिटर पाणी उकळतं. वेगात जाताना वाऱ्याचा विरोध त्यातला मोठा वाटा उचलतो. आखूड वळणांवर हळू उतरताना तो वाटा नगण्य असतो आणि जवळपास सगळा भार पोलादाच्या दोन पातळ चकत्यांवर येतो.

त्याच उतारावर आमच्यातल्या एकाकडे केबलवाले मेकॅनिकल डिस्क होते. रोटर पुढे-मागे १८०चे, पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूच्या पुडीचे. बोटं दुखली त्याची, पण ब्रेकनं दगा दिला नाही. आमच्यातल्याच एका मैत्रिणीच्या बाइकला चार पिस्टनचे कॅलिपर आणि पुढे २०३चा रोटर. ती खाली पोचली तेव्हा तिला ब्रेकचा विषयच आठवत नव्हता! म्हणून माझं मत ठाम झालंय: आधी रोटरचा व्यास, मग पॅड, मग पिस्टन किती, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. लांब उतारासाठी मोठ्या रोटरचा चांगला केबल ब्रेक मी १६०च्या स्वस्त हायड्रॉलिकपेक्षा कधीही आधी घेईन.

रोटर १६०वरून १८०चा केला तर त्याच दाबात साडेबारा टक्के, २०३चा केला तर सुमारे २७ टक्के जास्त रोध मिळतो. शिवाय उष्णता साठवायला जास्त धातू आणि ती सोडायला जास्त पृष्ठभाग. कॅलिपरखाली योग्य अॅडॉप्टर लागतो. फ्रेम आणि फोर्क किती मोठा रोटर पेलतात तेही आधी पाहा, ती मर्यादा ओलांडू नका. एकच बदलता येणार असेल तर पुढचा बदला.

पॅडमध्ये रेझिनचे गार असतानाही लगेच पकडतात, आवाज कमी करतात, पण जास्त तापले की हार मानतात आणि ओल्या चिखलात भराभर झिजतात. सिंटर्ड आवाज करतात, पण उष्णता आणि चिखल दोन्ही सोसतात. लांब उताराला सिंटर्डच. फक्त 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलेल्या रोटरवर ते घालू नका, तो रोटर भराभर झिजतो. म्हणजे अशा बाइकला नुसते पॅड बदलून भागत नाही, रोटरही बदलावा लागतो.

तेलावरून लोक फार भांडतात. ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो मिनरल ऑइल वापरतात, होपमध्ये डॉट ५.१ (डॉट हा ब्रेकच्या तेलाचा दुसरा प्रकार), स्रॅममध्ये बहुतेक ठिकाणी डॉट, पण त्यांच्या डीबी८ आणि मॅवेन या मॉडेलांमध्ये मिनरल. डॉट हवेतली ओल शोषतं. डॉट ४चा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सिअस आणि ओल धरल्यावर १५५. मिनरल ओल शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी खाली कॅलिपरमध्ये साचतं आणि ते शंभरच्या आसपासच उकळतं. म्हणजे दोन्हींत जुनं तेल वाईट. एकाच्या जागी दुसरं कधीही भरू नका, सील खराब होतात.

बाइक ताब्यात घेताना रोटरवरचे आकडे स्वतः वाचा. बराच वेळ लिव्हर दाबून धरा. तो हळूहळू आत सरकला तर बाइक परत करा. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते विचारा, देशोदेशी ते उलट असतं. नवे पॅड असतील तर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा ब्रेक मारून ते रोटरवर बसवून घ्या. त्याशिवाय खिंडीवर जाऊच नका. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. वास आला की थांबा. तापलेल्या रोटरवर पाणी ओतू नका, तो वाकडा होतो.

आणि पॅडची एक सुटी जोडी खिशात असू द्या, पण आपल्या कॅलिपरचं मॉडेल पाहूनच. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे पॅडही एकमेकांत बसतीलच असं नाही.