तुम्ही विचारलंत म्हणून : ट्राजनचा इराक रोमकडे टिकला असता का?

प्रश्न नेहमी एकाच सुरात येतो. इ.स. 116 मध्ये रोमचा सम्राट ट्राजन याने इराण-इराकवर राज्य करणाऱ्या पार्थियनांची राजधानी टेसिफोन (आजच्या बगदादजवळ) घेतली, तो इराणच्या आखातापर्यंत पोचला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यानंतर गादीवर आलेल्या हेड्रियनने सगळं सोडून दिलं. त्याने कच खाल्ली नसती तर?

खापर हेड्रियनवर फोडणं सोपं आहे, पण त्याच्या हाती आलं तेव्हा सोडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. ट्राजन आखाताकडे असतानाच मागे बंड पेटलं. सेल्युकिया आणि एडेसा ही शहरं पुन्हा घेऊन जाळावी लागली. टेसिफोनच्या गादीवर पार्थमास्पातेस हा पार्थियनच बसवून माघार घेतली ती खुद्द ट्राजनने. वाटेत हात्रा या वाळवंटातल्या शहराला वेढा घातला, तर आसपास ना पाणी ना चारा, आणि जेवणात-पाण्यात माश्याच माश्या. तिथूनही हात हलवत परतावं लागलं.

खरी मेख नदीत आहे. तैग्रिस आणि युफ्रेटिस दोन्ही उत्तरेकडून दक्षिणेला वाहतात. रसद होडीत टाकली की प्रवाहाबरोबर खाली जाते, पण तीच होडी परत आणायची तर काठाने दोर लावून ओढायची. 363 साली सम्राट ज्युलियनने टेसिफोनपाशी आपला ताफा जाळला, त्यामागे हीच अडचण. माणशी रोज साधारण 850 ग्रॅम गहू धरा. 5000 जणांच्या एका लीजनला (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीला) दिवसाला 4 टनांहून जास्त लागतो. बॅबिलोनियात गहू रग्गड पिकायचा, मान्य. पण बंड झालं की आधी तोच बंद होतो. शिवाय पूर्वेला झाग्रोसचे डोंगर. पार्थियन राजा वर डोंगरापलीकडचं एकबाताना शहर गाठणार आणि जमेल तेव्हा घोडदळ खाली सोडणार.

उत्तरेचा तुकडा मात्र टिकण्यासारखा होता. सम्राट सेप्टिमियस सेवेरसने 198 च्या सुमाराला निसिबिस-सिंगारा हा उत्तर मेसोपोटेमियातला पट्टा घेतला, तिथे दोन नव्या लीजन ठेवल्या आणि मधली पडझड सोडली तर तो 363 पर्यंत रोमकडे राहिला. तरी समकालीन इतिहासकार डिओ कुरकुरतोच : उत्पन्न थोडं, खर्च फार, लढाया कायमच्या.

‘मग रोम आपल्या दाराशी आला असता,’ असं आपल्याकडे हटकून म्हणतात. अहो, आला होताच की! तांबड्या समुद्रातून भडोच-कल्याणचा व्यापार चालूच होता. आखाताच्या उत्तर टोकाचं काराक्स बंदर सीरियातल्या पाल्मिरा शहराचे व्यापारी वापरत, आणि ते रोमचेच प्रजाजन. हेड्रियनच्या माघारीनंतर 40 वर्षांनी, 157 साली, सिंधूच्या मुलखातून आलेल्या जहाजाची नोंद त्यांनी पाल्मिरात दगडावर कोरून ठेवली आहे.