दहाला पीठ संपणारं हॉटेल

मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडे एसटी स्टँडजवळ किंवा बाजारातल्या एखाद्या बोळात चार बाकड्यांचं हॉटेल हमखास असतं. फळ्यावर चारच पदार्थ: घावणे-चटणी, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, चहा. दहानंतर गेलात तर आतून आवाज येतो, "पीठ संपला, उद्या येवा." बाहेरगावच्या माणसाला हा माज वाटतो. खरं तर ते तव्याचं गणित आहे.

एका घावण्याला दीड ते दोन मिनिटं लागतात. दोन तवे चालू ठेवले, मधलं पुसणं-ढवळणं धरलं, तर तासाला ४५-५० घावणे निघतात. सात ते दहा या वेळात फार तर दीडशे. एक किलो तांदळाचे मध्यम आकाराचे ३५-४० होतात, म्हणजे रोजचे चार किलो तांदूळ. तिसरा तवा मांडायचा तर तिसरा हात हवा, आणि चहाची शेगडी कुठे ठेवायची? आदल्या दिवशीचं उरलेलं पीठ आंबतं, म्हणून जास्तीचं वाटूनही ठेवता येत नाही. असं हॉटेल मोठं झालं की घावणे आधी करून रचायला लागतात, आणि रचलेला घावणा म्हणजे चामडं.

घावण्यासाठी सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, तोही जुना. नव्या तांदळाचं पीठ चिकट होतं, घावणा तव्याला धरतो आणि सोडवताना फाटतो. तांदूळ रात्री भिजत घालून पहाटे अगदी गुळगुळीत वाटायचा. रवाळ राहिला तर कडा चिरतात. पीठ ताकाइतकं पातळ हवं. पातळ पिठात तांदूळ खाली बसतो, म्हणून दर वेळी तळापासून ढवळूनच वाटी भरायची. हे विसरलं की पहिले घावणे पाणीदार आणि शेवटचे जाड निघतात. हॉटेलात शेवटी शेवटी जाड घावणा मिळाला तर कारण बहुधा हेच.

तवा बिडाचा आणि फक्त घावण्यांचा. त्याच्यावर पोळी भाजली की तो कोरडा पडतो आणि पुढचे घावणे चिकटायला लागतात. साबण तर त्याच्या जवळही नेऊ नये. बिघडलाच तर तापवून जाड मिठाने घासतात, पुसतात आणि अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवत राहतात. तव्यावर पाण्याचा थेंब नाचला की पीठ ओतायचं, कडेकडून मधे, आणि डावाने पसरायचं नाही. तवा पुरेसा तापलेला नसेल किंवा पीठ जाड असेल तर जाळी पडत नाही. फार तापला असेल तर पीठ पसरण्याआधीच जागच्या जागी धरतं. झाकण मिनिटभर, मग कड सुटली की उलथणं. लगेच घडी घातली तर आतल्या वाफेने थर एकमेकांना चिकटतात, म्हणून जाणता माणूस आधी क्षणभर टोपलीतल्या फडक्यावर टाकतो आणि मग चौघडी करून ताटलीत देतो.

आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवतात. त्यात तीन-चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी. पावसाळ्यात ते फुगायला चुलीशेजारची ऊब लागते. मे महिन्यात सहा-सात तासांतच चढतं, म्हणून उशिरा वाटतात. मे महिन्यात नऊनंतरची आंबोळी आंबट लागली तर नवल नाही.

उसळीत मात्र लबाडी लगेच कळते. काळे वाटाणे १०-१२ तास भिजलेले हवेत. सोडा घातला की लवकर शिजतात खरे, पण सालं सुटून लगदा होतो. वाटण भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं, त्यात मालवणी मसाला. आमसुलं वाटाणे पूर्ण मऊ झाल्यावरच टाकायची. आधी टाकली तर आंबटपणामुळे वाटाणे कितीही उकळले तरी दडसच राहतात. चांगल्या ठिकाणी वाटाणा अख्खा दिसतो आणि जिभेने दाबला तरी फुटतो. चटणीबद्दल एवढंच सांगतो की ती ओल्या नारळाची असते आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकत नाही. वास घेऊनच पुढे सरका.

काही ठिकाणी शिरवाळे-रस, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि नारळाच्या दुधाचा गोड रस मिळतो, तोही बहुतेक ठरावीक वारी. मिळाला तर आधी तोच घ्या. रस पाणचट किंवा फुटलेला दिसला तर नारळाचं दूध गुळाबरोबर खळखळून उकळलेलं असणार. ते नुसतं कोमट करायचं असतं.

बसण्याआधी "घावणे आसत?" एवढं विचारून घ्यावं. एका वेळी दोनच मागवावेत, ते संपत आले की पुढचे सांगावेत. सहा एकदम मागवले की शेवटचे चार गार खावे लागतात. कुडाळला बुधवारी आठवडा बाजार असतो, त्या दिवशी आठच्या आत पोचलेलं बरं. पार्सल न्यायचं तर घावणे नकोत, प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचा गोळा होतो. आंबोळ्या न्या, स्टीलच्या डब्यात तळाला सुती फडकं घालून, आणि उसळीला वेगळा घट्ट झाकणाचा डबा घरूनच आणा.