पेटी शिकणाऱ्या मुलाचा भाता कुणी मारायचा?

पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात पेटीला मान आहे. मुलाला पेटी शिकवायची हौस इथं घरोघरी दिसते, पण सहा-सात वर्षांचं पोर बसवलं की पहिल्याच आठवड्यात गाडं अडतं, ते डाव्या हातापाशी. बोट पडेल तसा भाताही हलतो. 'सा'ला एक हिसका, 'रे'ला दुसरा, आणि प्रत्येक स्वर फुगून विझतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे भाता आईनं किंवा पप्पांनी मारावा, मुलानं नुसती बोटं चालवावीत.

भाता मारणाऱ्यानंही थोडं शिकावं लागतं. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो. आत दुसरा भाता असतो, तो स्प्रिंगच्या दाबानं ती हवा सुरांना (आतल्या वाजणाऱ्या पत्त्यांना) एकसारखी पुरवतो. तो एकदा भरला की संथ, हलका हात पुरतो. "जोरात ओढ की!" हे मुलाला कधीच सांगू नका. घरातली पेटी बहुधा आजोबांची, भजनातली डबल रीडची, म्हणजे प्रत्येक स्वराला दोन पत्त्या असलेली. सगळे स्टॉपर (हवा सोडणाऱ्या, ओढायच्या खुंट्या) उघडले की हवा भराभर संपते, त्यामुळं एकच मुख्य स्टॉपर उघडा ठेवा. मांडी घातल्यावर मुलाचं कोपर पट्ट्यांच्या पातळीला येत नसेल तर खाली चादरीची घडी घाला.

बोटांसाठी पांढरी एक (पहिल्या पांढऱ्या पट्टीवर 'सा') बरी, सगळे शुद्ध स्वर पांढऱ्यांवरच येतात. (गळ्याला ती खाली पडते; गाताना 'सा' दुसऱ्या पट्टीवर धरायचा.) सा-रे-ग अंगठा, तर्जनी, मधलं बोट. खरी गोम 'म'वर. अंगठा मधल्या बोटाखालून सरकायला हवा, पण मूल त्याऐवजी अख्खं कोपर वर उचलतं आणि 'म' उशिरा वाजतो. पूर्ण सरगम थांबवा. नुसतं ग-म-ग-म, दहा वेळा, कोपराखाली तुमचा तळहात धरून. उतरताना उलटं: 'म'वर अंगठा, त्याच्यावरून मधलं बोट 'ग'वर.

रोज दहा मिनिटं, जमल्यास पाच-पाचची दोनदा. रविवारी एकदम तासभर बसवण्यात काही हशील नाही. प्रारंभिक, म्हणजे संगीताच्या पहिल्या, परीक्षेची घाई तर पालकांनाच जास्त.

इंग्रजी किंवा कन्नड शाळेतलं मूल वहीतली देवनागरी अडखळत वाचतं, आणि आपल्याला वाटतं बोटंच अडखळताहेत. स्वर तुम्ही मोठ्यानं वाचा. पुढं भाता मुलाकडं गेला की तुमचे हात मोकळे होतात. मग सोळा मात्रांचा तीनताल धरा. 1, 5, 13 या मात्रांवर टाळी, 9 वर 'खाली', म्हणजे टाळी न देता नुसता हात उघडायचा. मूल चुकलं तरी टाळी थांबवायची नाही, पुढच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) त्याला येऊ द्यायचं.

आपल्याकडच्या पावसात पट्ट्या फुगून अडकतात, एखादा सूर बोट उचललं तरी वाजत राहतो. पट्टी ओढाताण करून वर काढू नका, कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवून बघा. तरी सुटली नाही तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडं न्या. आणि पेटी झाकूनच ठेवा, उंदीर भाता कुरतडतात.