सुईला जागा सापडेना

आज दुपारी बऱ्याच दिवसांनी ‘स्ट्रीट साउंड्स इलेक्ट्रो १’ हा १९८३ साली ब्रिटनमध्ये निघालेला, इलेक्ट्रो म्हणजे सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचा संग्रह तबकडीवर सलग ऐकला. त्या काळी अमेरिकेहून येणाऱ्या बारा इंची सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या तबकड्या, तिथल्या शाळकरी मुलांच्या खिशाला परवडत नसत. हा संग्रह काढणाऱ्या ‘स्ट्रीट साउंड्स’ कंपनीच्या मॉर्गन खान यांनी अशी अनेक गाणी एकाच एलपीच्या किमतीत, तीही डीजेने एकमेकांत मिसळलेल्या स्वरूपात दिली, हे त्यांचे खरे व्यापारी चातुर्य.

या मिसळण्यामुळे माझी मात्र पंचाईत झाली. गाण्यांमध्ये एरवी दिसणारी ती गुळगुळीत काळी रेघच नसल्याने ‘न्यूक्लियस’ या अमेरिकी चमूचे ‘जॅम ऑन रिव्हेंज’ पुन्हा ऐकण्यासाठी सुई तीनदा अंदाजाने टेकवावी लागली. त्यातले वेग वाढवून बारीक केलेले आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून विचारती झाली, “तबकडी बिघडली का रे?”

या साऱ्या संगीताची नाळ अमेरिकी डीजे आफ्रिका बंबाटा यांच्या १९८२ मधल्या ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्याशी जुळते, ज्यात क्राफ्टवेर्क या जर्मन चमूची धून जॉन रॉबी यांनी सिंथेसायझरवर नव्याने वाजवली आणि तालासाठी रोलँडचे टीआर-८०८ हे यंत्र वापरले गेले. त्या यंत्राचा खर्ज कानापेक्षा छातीला आधी कळतो. आमच्या कपाटातले स्टीलचे पेलेसुद्धा किणकिणू लागले. दुसरी बाजू मला पहिलीइतकी भावली नाही, तरी रात्री हेडफोन लावून ती पुन्हा ऐकणार आहे, कारण पेल्यांची तक्रार आईपर्यंत पोहोचली आहे.