बेसवाल्याची ओळ

डिसेंबर लागला की मी घरात एक गाणं म्हणतो, ते कुणालाच ओळखू येत नाही. दाढी करताना, स्कूटरवर, नळ येण्याच्या दिवशी पहाटे ड्रम भरताना, तेच. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात बायकोनं काळजीनं विचारलं होतं, "काय हो, पोटात दुखायलंय का?"

'सायलेंट नाइट' होतं ते. बेसच्या आवाजाचं.

मी चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात गातो. क्वायरमध्ये आवाज चार. चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडं, म्हणजे बायकांच्या उंच आवाजाकडं. आल्टो त्यांच्या खाली, मग टेनर, आणि तळाला आम्ही बेसवाले. आमच्या वहीत या गाण्याच्या सुरुवातीला बेसला चार मात्राखंड नुसता सा आहे. मग पंचम, पुन्हा सा, मग मध्यमावर जरा हवापालट. एकट्यानं म्हटलं तर पाण्याची मोटार चालू आहे असं वाटतं.

आणि आपला कान एकाच चालीवर पोसलेला. जालन्यात माझं लहानपण अर्धं चर्चमध्ये गेलं, अर्धं गल्लीतल्या मारुतीच्या पारावर. एकादशीला तिथं भजन असायचं. वीस टाळकरी असोत की चाळीस, चाल एक. कुणी वरच्या सप्तकात उचलली, कुणी खाली धरली, तरी तीच. त्यामुळं क्वायरमध्ये आलो तेव्हा तिसऱ्या ओळीला माझा आवाज आपोआप सोप्रानोच्या चालीवर जायचा. क्वायर शिकवणाऱ्या बाई पेटी थांबवायच्या, चष्म्यावरून बघायच्या. "गेलात का परत पाहुणे म्हणून तिकडं?"

बाईंची वही जुनी. तिच्यात पाच रेघांवरची टिंबं नाहीत, डो-रे-मीची नुसती अक्षरं आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी ही टॉनिक सोल्फा पद्धत रुजवली आणि मिशनऱ्यांनी ती देशोदेशी नेली. तिच्यातला डो आपल्या सासारखाच फिरता, काळी एकमध्ये धरा नाहीतर पांढरी दोनमध्ये. मला तर वाटतं ती पद्धत आपल्याकडं परकी कधी वाटलीच नसेल. अडतं ते शब्दांशी. परदेशी चालीवर मराठी शब्द बसवले की ऱ्हस्वाचा दीर्घ होतो, आणि साधा 'तुझा' तीन मात्रा लांबून 'तुझाऽऽऽ' होऊन बसतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ही ओढाताण करण्यापेक्षा सरळ अभंग-भजनाची वाट धरली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकात दोन्ही तऱ्हेची गीतं आहेत. टिळकांचं भजन लागलं की मी मनातून खूश. चार आवाज नाहीत, ढोलकी आहे, चाल सगळ्यांची.

पण खोटं कशाला बोलू, बेसची चटक लागते. 'सायलेंट नाइट' १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाची, साथीला फक्त गिटार. ग्रुबरनं ते दोन आवाजांसाठी आणि कोरससाठीच बांधलं होतं. म्हणजे ते जन्मलंच एकटं नाही. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग दुसरा आवाज घरी आणत जा."

हँडेल या संगीतकाराच्या 'मसाया' या मोठ्या गायनरचनेतला हालेलुया कोरस आम्ही एकाच वर्षी धरला आणि दमलो. तो १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिल्यांदा झाला, ईस्टरआधीच्या ऐन उपवासकाळात. लोकांनी पुढं ओढून नाताळात आणला. त्यात एक जागा अशी आहे की 'तो युगानुयुग राज्य करील' हे आधी एकटा बेस उचलतो. मग टेनर येतात, मग आल्टो, मग सोप्रानो, आमच्याच मागून! एवढ्या जागेसाठी मी महिनाभर थंडीत तालमीला गेलो. कार्यक्रमात ती जागा आली आणि आम्ही तिघं बेसवाले अर्धा मात्राखंड आधीच सुटलो. बाईंनी मान खाली घातली. टेनरवाल्यांनी मात्र आम्हाला धावत गाठलं.

परवा नळ पहाटे चारला आला. मी ड्रमापाशी, पाइप हातात, नेहमीचा सा लावून. अंधारात आतून मुलीचा झोपाळू आवाज आला. वरची चाल. बहुधा माझी मोटार ऐकून तिला चिडवायचं होतं. पण मी पंचमावर गेलो तेव्हा ती बरोबर वर होती, मी मध्यमावर उतरलो तरी ती हलली नाही. दुसरं कडवं लागलं.

"अहो, ड्रम वाहायलाय!"

पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. सा सोडला नाही.